मदत हवी आहे : मुदत संपलेले डोमेन दुसऱ्याने घेतले, घराचे नाव परत कसे मिळवावे?

नमस्कार.

फोंडा तालुक्यात मंगेशी आणि म्हार्दोळच्या देवळांजवळ आमचे जुने चौकाचे घर आहे. कुलदेवतेच्या दर्शनाला मुंबई-पुण्याकडून येणाऱ्या कुटुंबांना माझे वडील २००४ पासून त्यातल्या पाच खोल्या देतात आणि सोबत घरचे जेवणही. आडनावापुढे 'निवास' एवढेच घराचे नाव असून पाटीवर, पावतीपुस्तकावर आणि पर्यटन खात्याच्या नोंदणी दाखल्यावर तेच आहे. त्याच नावाचे डॉट कॉम डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, २०११ मध्ये आमचे संकेतस्थळ करून देणाऱ्या ओळखीच्या मुलाने घेतले होते. ते त्याने स्वतःच्या खात्यातून आणि स्वतःच्या ईमेलवर घेतले होते, हे आम्हांला आता कळले. तो नोकरीसाठी परदेशी गेला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या न वापरल्या जाणाऱ्या ईमेलवर जात राहिल्या आणि गेल्या पावसाळ्यात मुदत संपली. संकेतस्थळ दिसेनासे झाले तेव्हा काही दिवसांत सुरू होईल असे समजून आम्ही चौकशी केली नाही; ही चूक आमचीच आहे.

माघातल्या जत्रेच्या आदल्या दिवशी डोंबिवलीचे एक कुटुंब सामानासह आमच्या दारात उभे राहिले. त्यांनी दोन खोल्यांसाठी सहा हजार रुपये आगाऊ भरले होते आणि आमच्याकडे त्याची काहीच नोंद नव्हती. त्यांच्या मोबाईलवर दिसणारे संकेतस्थळ आमच्याच नावाचे होते, ओसरीचे छायाचित्र माझ्या भावाने काढलेले होते, फक्त फोन नंबर परका होता. बाबांनी त्यांची सोय केली आणि जाताना त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत. नंतर आणखी दोन कुटुंबांचे असेच फोन आले. देवदर्शनाला निघालेल्या माणसांना आपल्या घराच्या नावाने कोणी लुबाडत आहे, हे बाबांना फार लागले आहे.

भावाने त्या संकेतस्थळावरील ईमेलवर 'हे नाव आमचे आहे' एवढेच कळवले, तेव्हा दोन लाख रुपये दिल्यास डोमेन देऊ, असे उत्तर आले. डोमेनच्या नोंदीत धारकाचे नाव झाकलेले आहे.

आम्ही ट्रेडमार्क कधीच नोंदवलेला नाही; अशा स्थितीत आमचा हक्क टिकेल का? दुसरी अडचण रोमन स्पेलिंगची आहे. पोर्तुगीज काळातल्या घराच्या कागदांवर आणि त्यावरून झालेल्या काही दाखल्यांवर आमच्या आडनावात 'सी' हे अक्षर आहे, तर डोमेनमध्ये 'के'. समोरचा माणूस यावरून 'हे तुमचे नावच नव्हे' असे म्हणू शकेल का? आणि न्यायालयात जावे की डोमेनसाठीच्या वेगळ्या लवादाकडे, हे ज्यांना अनुभवाने माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

ताई, मी मडगावला वकिली करतो. आपल्या प्रकरणाचे दोन वेगळे भाग आहेत आणि त्यांतला तातडीचा भाग डोमेनचा नसून फसवणुकीचा आहे. ज्यांचे पैसे गेले त्या कुटुंबांनी लगेच १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. आपणही सायबर पोलीस ठाण्यात स्वतंत्र तक्रार द्यावी, कारण संगणकीय साधनाने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी खाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. छायाचित्रे आपल्या भावाची असल्यामुळे होस्टिंग कंपनीला (जिच्या सर्व्हरवर ते संकेतस्थळ ठेवले आहे तिला) प्रताधिकार (कॉपीराइट) भंगाची सूचनाही त्याच दिवशी पाठवता येईल; प्रताधिकारासाठी नोंदणी लागत नाही.

आता नावाविषयी. नोंदणी नसलेल्या नावालाही आपल्याकडे 'पासिंग ऑफ'च्या, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आपला माल किंवा सेवा खपवण्याविरुद्धच्या, दाव्याचे संरक्षण आहे आणि ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम २७ ने ते स्पष्टपणे राखून ठेवले आहे. डोमेन नावालाही तेच तत्त्व लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या निकालात सांगितले. तेथे वादीचे 'सिफी' आणि प्रतिवादीचे 'सिफ्फी' यांत एका 'एफ'चा फरक होता. त्याआधी १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'च्या बाजूने 'रॅडिफ' या डोमेनला मनाई केली होती आणि तेथेही फरक एका स्वराचाच होता. त्यामुळे 'सी' आणि 'के' यांची मला फारशी चिंता वाटत नाही. उच्चार एकच आहे, ग्राहक त्याच समजुतीने येतो आणि आपला २०११ पासूनचा वापर 'के'चाच आहे.

चिंता आहे ती दुसऱ्या गोष्टीची. 'सिफी' हा घडवलेला शब्द होता, तर आपले नाव म्हणजे आडनाव आणि 'निवास' हा सर्वसाधारण शब्द. अशा नावावर हक्क सांगताना ते लोकांच्या मनात नेमक्या आपल्याच घराशी जोडले गेले आहे, हे पुराव्याने दाखवावे लागते. पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा १९८२ चा गोव्याचा कायदा आहे, त्याखालचा आपला जुन्यात जुना दाखला काढून ठेवावा. पंचायतीचा परवाना, वर्षवार पावतीपुस्तके, मराठी दैनिकांतल्या जाहिराती आणि पाहुण्यांची पत्रेही जमवावीत. प्रसिद्धी फोंड्यापुरती किंवा कुलदेवतेच्या भक्तांपुरती असली तरी चालते. नाव देशभर माहीत असण्याची अट नाही.

प्रतिसाद २

वरील वकीलसाहेबांच्या सल्ल्यात लवादाची माहिती जोडतो. आपले डोमेन डॉट कॉम असल्यामुळे त्याला 'आयकॅन' या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे १९९९ चे यूडीआरपी हे डोमेन-वाद सोडवण्याचे धोरण लागू आहे. त्यात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : नाव आपल्या चिन्हासारखे (ट्रेडमार्कसारखे) आहे, धारकाला त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते दुष्ट हेतूने नोंदवले व वापरले. तिसऱ्या मुद्द्यातला 'व' महत्त्वाचा आहे. डॉट इन डोमेन असते तर ती नावे सांभाळणाऱ्या 'निक्सी' या भारतीय संस्थेच्या धोरणाखाली नोंदणी किंवा वापर यांपैकी एकातला दुष्ट हेतू पुरला असता. येथे दोन्ही लागतात. मात्र मुदत संपल्यावर नवा धारक आला असल्यामुळे हेतू त्याने नाव घेतले त्या वेळचा पाहिला जाईल, आपल्या २०११ च्या नोंदणीच्या वेळचा नव्हे, आणि आपल्याच छायाचित्रांसह खोल्या विकणाऱ्याला योगायोगाचा बचाव घेणे कठीण आहे.

जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचापुढे पाच डोमेनपर्यंतच्या तक्रारीचे शुल्क १५०० डॉलर आहे, म्हणजे सव्वा लाख रुपयांहून अधिक. उत्तरासाठी समोरच्याला २० दिवस मिळतात, आणि नाव हस्तांतरित करण्याचा निर्णय झाल्यावर तो १० कामकाजाच्या दिवसांनी अमलात येतो, जर त्याने दरम्यान न्यायालयात दावा केला नाही तर. नुकसानभरपाई तेथे मिळत नाही, फक्त नाव मिळते. कामकाज बहुधा इंग्रजीत चालते, म्हणून मराठी जाहिरातींची भाषांतरे करून ठेवा. दोन लाखांच्या मागणीचा ईमेल पुसू नका. डोमेनसाठी झालेल्या खर्चापेक्षा जास्त रक्कम मागणे हा दुष्ट हेतूचा पुरावा या धोरणातच नमूद आहे. उलट आकडा मात्र देऊ नका.

प्रतिसाद १ (पुन्हा)

न्यायालयाचा मार्ग लवादाने बंद होत नाही. पासिंग ऑफचा दावा जिल्हा न्यायालयात किंवा त्यावरील न्यायालयात करता येतो, आणि धारक अज्ञात असला तरी 'अशोक कुमार' या नावाने प्रतिवादी करून, रजिस्ट्रार कंपनीलाही (जिच्याकडे डोमेन नोंदवले आहे तिला) सामील करून, तातडीची मनाई मागता येते. माझ्या मते पाहुण्यांची फसवणूक चालू आहे तोवर मनाई आधी मागावी. न्यायालयासाठी स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे, प्रमाणपत्र लागेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पोलिसांत तक्रार दिली असून डोंबिवलीच्या कुटुंबानेही तिकडून दिली आहे. घराच्या माळ्यावर २००६ पासूनची सर्व पावतीपुस्तके सापडली, आणि संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हवर आमच्या संकेतस्थळाची २०१३ ची प्रतही मिळाली, त्यात तेच ओसरीचे छायाचित्र आहे. डॉट इन नाव अजून मोकळे होते, ते बाबांच्या नावावर आणि बाबांच्याच ईमेलवर घेतले. एक शंका उरली आहे : ज्या मुलाने २०११ मध्ये डोमेन स्वतःच्या खात्यातून घेतले, त्याच्यामुळे 'डोमेन कधी तुमचे नव्हतेच' असे म्हटले जाईल का?

प्रतिसाद १

म्हटले जाईल, म्हणून त्याचे प्रतिज्ञापत्र आताच घ्यावे. डोमेन आपल्या वडिलांच्या सांगण्यावरून, त्यांच्या पैशाने आणि त्यांच्या व्यवसायासाठी घेतले होते, असे त्याने त्यात लिहावे आणि पैसे दिल्याची नोंद जोडावी. तो परदेशात असल्यास तेथील भारतीय वकिलातीत सही साक्षांकित करून घेता येते.