अपघाताच्या क्लेमला खरंच किती वर्षं लागतात? सल्ला हवाय

मुसळधार:
मोठा भाऊ बाइकवर होता, कारने मागून उडवलं. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड टाकलाय, अजून कुबड्यांवर आहे आणि डॉक्टर म्हणतात हाड नीट जुळलं नाही तर परत ऑपरेशन. एफआयआर झालाय, कारचा इन्शुरन्स चालू आहे. वकील म्हणतो तीन-चार वर्षं धरून चाला, वर मिळतील त्यातले पंचवीस टक्के माझे. दुसरीकडे कारवाल्याच्या ओळखीतला एकजण सारखा फोन करतोय की रोख घ्या, सही करा, मिटवून टाका. वहिनी म्हणते घेऊन टाकू, पगार बंद आहे. कोणी यातून गेलंय का?

पायरी_चढलेला:
आधी सही करू नका, बाकी नंतर. दुसरं ऑपरेशन होणार की नाही हेच माहीत नाही तर नुकसान किती ते कोण ठरवणार?

आमच्या वडिलांच्या केसला तीन वर्षांच्या वर गेली. त्यातला निम्मा वेळ नुसता समन्स बजावण्यात, गाडीमालक पत्त्यावर सापडेना, मग इन्शुरन्सच्या वकिलाचं म्हणणं दाखल होईना, आज साहेब रजेवर, उद्या पुढची तारीख. खरी अडली ती डॉक्टरांच्या साक्षीला. अपंगत्वाचं सर्टिफिकेट नुसतं जोडून भागत नाही, समोरच्याने मान्य केलं नाही तर डॉक्टरला उलटतपासणीला यावं लागतं, आणि त्यांना ओपीडी सोडून यायला वेळ नसतो. तेव्हा ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा.

फाइलवाली_ताई:
मी इन्शुरन्सच्या बाजूने बरीच वर्षं काम केलंय म्हणून सांगते, क्लेम मिटवायची घाई करू नका पण टाकायची करा. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत ट्रिब्युनलला, म्हणजे अपघाताच्या भरपाईच्या कोर्टात, अर्ज टाका, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. उपचार चालू असले तरी टाकता येतो, अपंगत्वाचे कागद नंतर लावता येतात. अपघात परगावी झाला असला तरी तुम्ही राहता तिथल्या ट्रिब्युनलमध्ये चालतो. आणि व्याज साधारण अर्जाच्या तारखेपासून धरतात, त्यामुळे टाकून ठेवण्यात तोटा नाहीच.

आमच्याकडे फाइल अडायची ती ठरलेल्या गोष्टींवर, ड्रायव्हरचं लायसन्स व्हेरिफाय झालेलं नाही, आणि जखमीच्या उत्पन्नाचा धड पुरावा नाही. पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, रिटर्न असतील तर पहिल्या दिवशीच द्या. पोलिसांचा सविस्तर रिपोर्ट ९० दिवसांत यायला हवा, त्याचा पाठपुरावा वकिलावर सोडू नका, स्वतः करा.

बिनधास्त_बंड्या:
माझं मत वेगळं, मी लोक अदालतीत मिटवलं आणि सुटलो. कोर्टाने जास्त दिले असते कदाचित, पण मग कंपनी हायकोर्टात अपील करणार आणि आपण परत वाट बघणार. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे उगाच नाही म्हणत.

फाइलवाली_ताई:
@बिनधास्त_बंड्या बरोबर आहे, पण तुमचे उपचार तेव्हा संपले होते ना? लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. नंतर रॉड काढायचा खर्च आला तर मागणार कोणाकडे?

मुसळधार:
ताई, कोणाची चूक ते सिद्ध न करताच अडीच लाख मिळतात असं एकाने सांगितलं. ते घेऊन केस चालू ठेवता येईल का? तेवढ्याने घर तरी चालेल.

फाइलवाली_ताई:
कलम १६४. गंभीर दुखापतीला अडीच लाख, हाड मोडलं की गंभीरच. पण ते स्वीकारलं की १६६ चा अर्ज संपतो. मांडीचं हाड, वर दुसरं ऑपरेशन, त्यात कमावता माणूस, मी तरी घेणार नाही. आणि तो टक्केवारीवाला वकील बदला, बार कौन्सिलच्या नियमात तशी फी बसतच नाही. अपघाताच्याच केसेस चालवणारा बघा, ट्रिब्युनलच्या बाहेर तासभर उभं राहिलात की कोणाच्या हातात कोणत्या फायली ते कळतं.

मुसळधार:
फोनवाल्याला नकार दिला. वहिनी चिडली आहे पण ऐकलं. हॉस्पिटलला जायच्या रिक्षाच्या पावत्या नाहीत, चालेल का?

पायरी_चढलेला:
प्रवासखर्च कोर्ट अंदाजाने धरतं, तारखा मात्र वहीत लिहून ठेवा. मेडिकलची बिलं आजच झेरॉक्स करा, त्या गुळगुळीत कागदावरची शाई उडते, आमची अर्धी बिलं साक्षीच्या वेळी कोरी निघाली होती.