दार लागलं म्हणजे उड्डाण सुरू झालं का?

नेरुळ_पूर्व:
गेल्या महिन्यात दुबईला निघाले होते. दार लागलं, शिडी बाजूला झाली आणि विमान जागचं हलेना. तासाभराने मागच्या रांगेतले एक काका पट्टा सोडून उठले, वरच्या कप्प्यातून बॅगा ओढायला लागले. हवाई सेविकेने बसायला सांगितलं तर म्हणाले, "विमान जमिनीवर आहे, इथे तुमचा हुकूम चालत नाही." तिचा हात असा झटकला की पाण्याचा ट्रे खाली पडला. कॅप्टनने त्यांना उतरवलं. सोसायटीत सांगितलं तर निम्मी मंडळी काकांच्या बाजूने!

मला कॅप्टनचं पूर्ण पटलं. विमानातल्या गुन्ह्यांबद्दलच्या १९६३ च्या आंतरराष्ट्रीय टोकियो करारात कॅप्टनच्या अधिकारांपुरतं उड्डाण म्हणजे प्रवासी चढून बाहेरची सगळी दारं लागल्यापासून ते उतरण्यासाठी एखादं दार उघडेपर्यंतचा काळ. चाकं जमिनीवर आहेत की नाहीत, हा प्रश्नच नाही. दार लागल्यावर पोलीस बाहेर राहतात. आत कोणाचं तरी ऐकायला हवं ना?

खारघरकर:
अजिबात पटत नाही. त्याच करारात इतर बाबींसाठी उड्डाण धरलंय ते इंजिनांचा जोर लावल्यापासून उतरल्यानंतरची धाव संपेपर्यंत. साध्या माणसाच्या समजुतीशी हेच जुळतं. मी एकदा दार लावलेल्या विमानात तीन तास काढलेत, शेजारी डायबेटिसवाली आई. दार लावणार ते, उघडणार ते, आणि उभा राहिलो म्हणून बेशिस्त मी?

बेलापूर_वकील:
दोघांचंही एकेक सुटलंय. टोकियो करारातलं कॅप्टनच्या अधिकारांचं प्रकरण देशातल्या देशात जाणाऱ्या विमानाला साधारणपणे लागत नाही; दुबईचं होतं म्हणून लागलं. आणि खारघरकर, परदेशच्या प्रवासातल्या उशिराची भरपाई १९९९ च्या माँट्रियल करारात आहे, तिथे या व्याख्येवर काही अडत नाही. वैमानिकाचे तास तर विमान उड्डाणासाठी पहिल्यांदा हललं तिथून मोजतात.

पण नुसत्या दारावरही विसंबू नका. ५ सप्टेंबर १९८६ ला मुंबईहून निघालेलं पॅन अॅम या अमेरिकी कंपनीचं विमान कराचीत उभं होतं. प्रवासी चढत असतानाच बंदूकधारी घुसले. विमानातली हवाई सेविका नीरजा भनोतने कॉकपिटला सावध केलं, वैमानिक वरच्या झडपेतून निसटले, विमान अडकून पडलं. दार उघडं, म्हणजे विमान अपहरणाबद्दलच्या १९७० च्या हेग कराराच्या व्याख्येत ते उड्डाणात बसत नव्हतं! आपल्या २०१६ च्या अपहरणविरोधी कायद्यात आता विमान 'सेवेत' असलं की पुरे. उड्डाणाआधीची तयारी सुरू झाल्यापासून ते उतरल्यानंतर २४ तासांपर्यंत.

खारघरकर:
अपहरणाला २४ तास काय, ४८ ठेवा, माझी हरकत नाही. पण बंदूकवाल्याला आणि आईसाठी पाणी मागायला उठलेल्याला एकाच मापाने मोजू नका. कॅप्टनलाही 'वाजवी' उपायच करता येतात, हेही त्याच करारात आहे.

नेरुळ_पूर्व:
मान्य. पाणी मागणाऱ्याला कोणी उतरवलं तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण मी पाहिलं ते वेगळं होतं. ती मुलगी फार तर बावीस-तेवीसची असेल. ग्लास गोळा करताना तिची बोटं थरथरत होती, तरी काकांना ती शेवटपर्यंत 'सर' म्हणत होती. दार बंद होतं, तिला जायला दुसरी जागाच नव्हती.