ड्रिल रिकाम्या पुंगळीपर्यंतच ठेवा

गोदाकाठ_ह्यूस्टन:
काल इथे एकाने लिहिलं की रीलोडिंगचा, म्हणजे उडवलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून काडतुसं बनवण्याचा, वेळ वाचवायचा तर ट्रिमिंगपासून (पुंगळी कापून आखूड करणं) प्रायमर (बुडातली, ठोका बसला की पेटणारी टोपी) बसवण्यापर्यंत सगळ्याला ड्रिल जोडा, प्रेसच्या, म्हणजे रीलोडिंगच्या यंत्राच्या, दांड्यालासुद्धा. यातलं निम्मं बरोबर आहे, निम्मं धोक्याचं. नवीन मंडळी वाचतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

.२२३ रायफलची पुंगळी साइझ केली, म्हणजे दाबून मूळ मापाला आणली, की लांबते. कमाल लांबी १.७६० इंच, ट्रिम करून १.७५० वर आणायची. ली कंपनीच्या ट्रिमरचा लॉक स्टड (पुंगळीचं बुड धरणारा खुंट) ड्रिलच्या चकमध्ये धरा, पुंगळी त्यात आवळा, कटर हातात. कटरच्या गेजची सुई फ्लॅश होलमधून (बुडातल्या ठिणगीच्या भोकातून) जाऊन स्टडला टेकली की कटर थांबतो, म्हणून ड्रिल कितीही वेगात फिरो, लांबी बदलत नाही. इथे ड्रिल खुशाल वापरा.

क्रिम्प काढायला मात्र नको. लष्करी ५.५६ च्या पितळात (पुंगळ्यांत) प्रायमरभोवती क्रिम्प, म्हणजे तो निसटू नये म्हणून दाबलेली कड, असतो, आणि लोक तो ड्रिलला काउंटरसिंक लावून खरवडतात. हात एक सेकंद जास्त टेकला की पॉकेटचं, म्हणजे प्रायमरच्या खळग्याचं, तोंड फाकतं. प्रायमर सैल बसतो, बाजूने गॅस सुटतो आणि बोल्टच्या तोंडावर खड्डे पडतात. क्रिम्प काढायचा स्वेजर पितळ कापत नाही, दाबून बाजूला सारतो. तोच घ्या.

आणि जिवंत प्रायमरला मोटर अजिबात नको. तो बुडाच्या पातळीखाली ०.००३ ते ०.००५ इंच बसायला हवा. क्रिम्प राहून गेला असेल तर हाताला अडकल्याचं कळतं. ड्रिलला कळत नाही, ते रेटत राहतं.

डॅलसचा_दादा:
साहेब, सरसकट बोलू नका. मार्क सेव्हन कंपनीच्या मोटर-ड्राइव्हला (प्रेस चालवणाऱ्या मोटरला) क्लच असतो, ठरलेल्यापेक्षा जास्त जोर लागला की तो थांबतो. डिलन १०५० प्रेसवर स्वेजिंगचं स्टेशन आहे, वर आरटी १५०० ट्रिमर बसतो. डीकॅप (जुना प्रायमर काढणं), साइझ, स्वेज, ट्रिम, सगळं एका फेरीत. यात वाईट काय?

गोदाकाठ_ह्यूस्टन:
तुम्ही सांगितलेली चारही कामं रिकाम्या पुंगळीची आहेत. त्याला माझा विरोध कुठे आहे? काल लिहिलं होतं ते साध्या ड्रिलबद्दल, सॉकेट लावून प्रेस फिरवण्याबद्दल. ड्रिलचा क्लच स्क्रूसाठी असतो, प्रायमरसाठी नाही. आणि प्रेसच्या प्रायमर-नळीत शंभर प्रायमर एकावर एक उभे असतात. खालचा एक पेटला तर बाकीचे थांबत नाहीत.

डॅलसचा_दादा:
ठीक, साध्या ड्रिलचं मान्य. क्लचवाल्या मोटरचं नाही.

पितळप्रेमी:
वेळ वाचवायचाच तर ड्रिलचा खरा उपयोग ॲनीलिंगला, म्हणजे पुंगळीची मान तापवून मऊ करायला. बुडापेक्षा किंचित मोठा खोल सॉकेट ड्रिलमध्ये, पुंगळी त्यात उभी, हळू फिरवत मान नि खांद्यावर प्रोपेनची ज्योत सहा सेकंद, मग पाण्यात टाका. पाण्याने पितळ चांगलं मऊ होतं.

नागपूरकर_ओहायो:
पाण्याने मऊ होत नाही हो! काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. गार कसंही करा, कडकपणात फरक पडत नाही. पाणी फक्त उष्णता बुडाकडे जाण्याआधी थांबवतं. आणि "सहा सेकंद" कोणत्या ज्योतीचे? टॉर्च जवळ-दूर झाला की हिशेब बिघडतो. मानेच्या आत ७५० अंश फॅरनहाइटचा टेम्पिलॅक (ठरलेल्या तापमानाला वितळणारा रंग) लावा, तो वितळला की ज्योत बाजूला. बुड मऊ झालं तर ती पुंगळी चेंबरमध्ये फाटू शकते. अशी पुंगळी पुन्हा कडक करता येत नाही, भंगारात टाका.

पितळप्रेमी:
अंधाऱ्या खोलीत रंग पाहूनही जमतं.

नागपूरकर_ओहायो:
लाल दिसायला लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. रंग पाहा, पण आधी टेम्पिलॅकने वेळ ठरवा. वारा असेल तर पुन्हा ठरवा. टॉर्च बदलला, पुन्हा.

पितळप्रेमी:
पाण्याचं मान्य. टेम्पिलॅकची बाटली मागवतो, पण रंगाचा मुद्दा सोडत नाही.

मिशिगनची_मावशी:
तुम्ही सगळे ज्योतीत अडकलात. प्रायमर पॉकेट साफ करायला ड्रिलवर तारेचा ब्रश लावता ना? त्या काळ्या पुडीत शिसं असतं. ड्रिल ती उडवतं आणि नाकासमोर आणतं. शिवाय घरात मुलं असतात. पुंगळ्या डीकॅप करून पाण्याच्या टंबलरमध्ये (फिरत्या पिंपात) टाका: ५ पौंड स्टीलच्या पिना, २ पौंड पितळ, एक गॅलन पाणी, थोडा भांड्यांचा साबण, चिमूटभर लेमी शाइन (सायट्रिक आम्लाची पूड). पॉकेट आपोआप स्वच्छ निघतात. पिना काढताना एकेक पुंगळी उपडी करून हलवा, कारण .२२३ च्या मानेत दोन पिना एकमेकींना अडकून बसतात. काळं पाणी भांड्यांच्या सिंकमध्ये ओतू नका.

गोदाकाठ_ह्यूस्टन:
मावशी, पूर्ण मान्य. तारेचा ब्रश ड्रिलवरून काढलाच पाहिजे, माझ्या यादीत ते राहून गेलं होतं.

सांगलीकर:
आमच्याकडचं एक सांगतो, कारण भारतातूनही लोक वाचतात. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. शस्त्राचा परवाना असला म्हणून काडतूस बनवायची मुभा मिळत नाही. वाचा, पण करून बघू नका.

डॅलसचा_दादा:
बरोबर. अमेरिकेत मात्र स्वतःपुरतं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायला लागतं. राज्याचे नियम वेगळे पाहा. एक विचारायचं राहिलं: चेंफर (ट्रिमनंतर तोंडाची धार मोडणं) ड्रिलने का हाताने?

गोदाकाठ_ह्यूस्टन:
हाताने, दोन-तीन फेरे, फक्त धार मोडेपर्यंत. ड्रिलने तोंड सुरीसारखं पातळ होतं आणि तिथूनच मान चिरायला लागते.