मदत हवी आहे: सेमसाइट लॅक्स असताना सीएसआरएफ टोकन लागतेच का?

एका पतसंस्थेच्या सभासद पोर्टलची देखभाल माझ्याकडे असून एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. सीएसआरएफ हल्ल्यात (परक्या साइटने सभासदाच्या नकळत त्याच्या नावे विनंती पाठवणे) हल्लेखोराच्या पानावरचा दडवलेला फॉर्म सबमिट झाला की ब्राउझर आमची सेशन कुकी (सभासदाच्या लॉगिनची खूण) त्या विनंतीला आपणहून जोडतो आणि ती खुद्द सभासदानेच पाठवली असे सर्व्हरला वाटते, इथपर्यंत समजले. मात्र २०२० पासून क्रोम, सेमसाइट (परक्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर कुकी पाठवायची की नाही हे ठरवणारी सूचना) न नेमलेली कुकी लॅक्स मानतो, म्हणजे (कुकी तयार झाल्यानंतरची पहिली दोन मिनिटे सोडल्यास) परक्या साइटवरच्या पोस्ट (फॉर्ममधली माहिती पाठवणाऱ्या) विनंतीबरोबर ती जात नाही. मग टोकनचा (सर्व्हरने फॉर्ममध्ये घातलेल्या आणि परत तपासायच्या गुप्त संकेताचा) खटाटोप कशाला, असे सहकाऱ्यांचे म्हणणे आहे.

मला ते पटत नाही. लिंकवर क्लिक करून होणाऱ्या गेट (नुसते पान मागवणाऱ्या) विनंतीबरोबर लॅक्स कुकी जातेच, आणि जुन्या कोडच्या कृपेने आमच्याकडे नॉमिनी काढून टाकण्याची क्रिया गेटवरच चालते. ती पोस्टवर नेणारच आहे. पण आमच्याच डोमेनखालचे सबडोमेनही 'सेमसाइट' ठरत असल्याने तिथे कोणी शिरकाव केल्यास लॅक्सचा उपयोग शून्य.

दर विनंतीला टोकन बदलले तर दोन टॅब उघडे ठेवणाऱ्या सभासदाचा आधीचा फॉर्म नाकारला जातो. तेव्हा संपूर्ण सेशनला एकच टोकन पुरेसे सुरक्षित आहे का, आणि जोडीला ओरिजिन हेडरही (विनंती कोणत्या साइटवरून आली ते सांगणारी नोंद) तपासावा का?