लोकधून पियानोवर आली की तिचं काय उरतं?

सप्तकवेडा
गेला आठवडाभर हंगेरियन संगीतकार बार्टोकची 'रुमानियन लोकनृत्यं' (1915) ऐकतोय. एकट्या पियानोसाठी सहा नृत्यं, सगळी मिळून चार-पाच मिनिटांत संपतात. फोनोग्राफ घेऊन ट्रान्सिल्व्हेनियाची खेडी पालथी घालणाऱ्या माणसाने ती लिहिली आहेत. मूळ धुना फिडलच्या (म्हणजे गावाकडच्या व्हायोलिनच्या) आणि बासरीच्या. तिसऱ्या नृत्यात डावा हात नुसता सा-प धरून बसतो आणि वर चार-पाच सुरांत धून घुटमळत राहते. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला हे परकं वाटतच नाही. पाश्चात्त्य मैफलीच्या पियानोवर दुसऱ्या परंपरेचं संगीत आणावं तर असं, हे माझं ठाम मत. ज्यांना ही भेसळ वाटते त्यांनी कारण सांगावं.

मींडवाली
सांगते. पियानोवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. फिडलवाला बोट सरकवतो, बासरीवाला फुंकरीने सूर किंचित चढवतो. ते दोन पट्ट्यांच्या मधलं सगळं गेलं, आणि माझ्या मते धुनेचा जीव तिथेच होता. फ्रेंच संगीतकार देब्युसीने 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात जावाचं गामेलान, म्हणजे घंटा-झांजांचा वाद्यवृंद, ऐकलं, पुढे 1903 मध्ये पियानोसाठी 'पागोद' लिहिलं. रचना सुंदर आहे, पण गामेलानच्या स्लेंद्रो नावाच्या सप्तकाचे पाच सूर पियानोच्या पाच काळ्या पट्ट्यांशी जुळत नाहीत. शिवाय प्रत्येक संचाची जुळणी निराळी. आपल्याकडे रेडिओने 1940 साली पेटीवर बंदी घातली आणि 1971 पर्यंत ठेवली, त्यामागे हीच तक्रार होती. बंदी चुकीची होती. तक्रार नव्हती.

सप्तकवेडा
पेटीचा दाखला माझ्या बाजूचा आहे! गोविंदराव टेंब्यांपासून आजपर्यंत पेटीवाल्यांनी मींड (सुरातून सुरात घसरत जाणं) नसताना कणसुरांवर, म्हणजे शेजारच्या सुराच्या निसटत्या स्पर्शावर, गाणं उभं केलंच ना? 'पागोद' नीट ऐका. देब्युसीने गामेलानचे सूर उचललेले नाहीत, थर उचलले आहेत. खाली मोठ्या घंटेसारखा सूर क्वचित पडतो, मधे संथ धून, वर तीच हालचाल दुप्पट-चौपट वेगाने. पेडल दाबलेलं असल्यामुळे खालचा नाद विरत नाही आणि वरचे सूर त्यात मिसळतात. पियानोला जे जमतं तेच त्याने मागितलं.

काळी चार
मी मुलांना पियानो शिकवतो, म्हणून मधे पडतो. बार्टोकच्याच 'मायक्रोकॉसमॉस' या पियानोच्या संग्रहातल्या 153 तुकड्यांपैकी शेवटचे सहा बल्गेरियन लयीतले आहेत. क्रमांक 149 ची विभागणी 2-2-3. ग्रेडच्या परीक्षांची सवय झालेली मुलं इथे हमखास अडखळतात, सात मात्रांच्या आठ करून टाकतात. एका मुलीला मी पियानोवरून उठवलं आणि हाताने टाळी द्यायला लावली. ती तबलाही शिकते. म्हणाली, हा तर रूपक ताल, फक्त तीनचा भाग शेवटी गेलाय. पुढच्या तासाला तुकडा बसला. सुराबद्दल मींडवालींचं म्हणणं मला पटतं, पण लय पियानोवर पूर्ण येते, काही न सांडता. आणि नृत्यात लय दुय्यम कशी म्हणायची?

मींडवाली
लयीचं मान्य, मनापासून. पण ज्या फिडलवाल्याकडून धून आली त्याचं काय? बार्टोकने आपल्या संग्रहांत गावांची नोंद ठेवली, हे त्याचं मोठेपण. मैफलीच्या पत्रिकेत मात्र एकच नाव छापतात. ऐकणारा समजतो, हे सगळं बार्टोकला सुचलं.

सप्तकवेडा
हे खरं आहे, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. पत्रिकेत गावाचं नाव छापायला काय हरकत आहे?

मींडवाली
तेवढ्याने भागणार नाही. बार्टोकच्या मेणाच्या नळकांड्यांवरची ध्वनिमुद्रणं आज ऐकायला मिळतात. खरखर फार आहे, तरी मैफलीत आधी त्यातलं एखादं लावा आणि लगेच पियानो वाजवा. माझ्या कानाला सूर कमी पडेल तिथे मी हात वर करीन.

काळी चार
पुढच्या महिन्यात माझ्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आहे. असंच करून बघतो. तुम्ही दोघंही या.