घरात मिरची कांडप, बिल ३४० युनिटच्या वर: आधी कर्ज काढून मोठं यंत्र की सोलर?

कांडप_कराड
नमस्कार. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत २ एचपीचं कांडप आहे, रोज ४ तास चालतं. मीटर एकच, घरगुती. घराचा वापर १४० युनिट, पण बिल ३४० युनिटचं येतं. मार्च ते मे ४५०. दीड लाख कर्ज काढून ५ एचपीचं यंत्र घ्यावं, की छपरावर ३ किलोवॅट सोलर बसवावं? आधी काय?

वायरमन_सातारा
ताई, आधी वर्षाचे युनिट जोडा. ९ महिने ३४० आणि ३ महिने ४५०, म्हणजे ४,४१०. घराच्या एका भागात धंदा असला तरी महावितरण घरगुती दर लावतं, पण महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटच्या आत असाल तरच. तुम्ही त्याबाहेर गेलात. तपासणीत अनधिकृत वापर ठरला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. हे अंगावर यायच्या आत कांडपाला वेगळं कनेक्शन घ्या.

अर्जात ‘मसाला कांडप’ असंच लिहा, ‘दुकान’ नको. पीठ गिरणी आणि मसाला गिरणी लघुदाब उद्योग वर्गात येतात. दुकान लिहिलंत की महागडा वाणिज्य दर लागतो आणि तो बदलून घ्यायला हेलपाटे पडतात. त्या खोलीचं वायरिंग पूर्ण वेगळं करा, न्यूट्रलसुद्धा सामाईक नको, नाहीतर ईएलसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) उगाच ट्रिप होत राहतो.

मीटरवर शंका घेऊ नका. २ एचपी मोटर भरल्या लोडवर १.९ किलोवॅटच्या आसपास ओढते. ४ तास, २६ दिवस, झाले २०० युनिट. त्यातले काही वाचतील: मिरची कडक वाळलेली नसेल तर जाळीला चिकटते आणि तोच माल दोनदा फिरवावा लागतो. पट्टा सैल असला तर मोटर फिरते, माल दळला जात नाही.

हप्त्याचा_हिशोब
कर्जाबद्दल. यंत्र ४ तास चालतंय, म्हणजे आणखी ४ तास हाताशी आहेत आणि त्यांना हप्ता नाही. तेही भरले आणि सीझनमध्ये गिऱ्हाईक परत जायला लागलं, तर ५ एचपी घ्या. बिल जास्त येतं म्हणून मोठी मोटर घेणं मला अजिबात पटत नाही.

दीड लाख, १२ टक्के घटत्या शिल्लकेवर, ३६ महिने: हप्ता ४,९८२. तो पावसाळ्यातल्या कमाईतून निघतो का ते बघा, एप्रिलच्या नव्हे. ‘१२ टक्के फ्लॅट’, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मुदलावर व्याज, म्हणणाऱ्याकडे सही करू नका. लाखावर ३ वर्षांचं व्याज ३६,००० पडतं, घटत्या शिल्लकेवर तेच सुमारे १९,६००. छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा कर्ज योजनेच्या किशोर गटात ५० हजार ते ५ लाख तारणाशिवाय मिळतं. कोटेशनमध्ये स्टार्टर, थ्री फेज वायरिंग आणि नव्या कनेक्शनची अनामत धरा. हे राहून जातं, मग सावकाराकडे जावं लागतं.

छप्पर_सोलर
मीटर वेगळं झाल्यावरच सोलरचं माप घ्या. पीएम सूर्यघर या केंद्राच्या छतावरच्या सोलर योजनेचं अनुदान घरगुती कनेक्शनलाच आहे: १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,०००, ३ किंवा त्याहून जास्तला ७८,०००. १ किलोवॅटमधून महिन्याला १०० ते १२० युनिट येतात, सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. घराचे १४० युनिट असतील तर ३ किलोवॅट कशाला? १ ने बरंचसं भागेल, सगळं भागवायचं किंवा पुढे एसी घ्यायचा असेल तर २.

कांडप_कराड
हे ३,६०० युनिटचं माहीतच नव्हतं. अजून एक: सीझनला मिरची भरायला पैसे लागतात, तेही याच कर्जात घेऊ का?

हप्त्याचा_हिशोब
नको ताई. मिरची दोन-तीन महिन्यांत विकली जाते, तिच्यासाठी ३ वर्षं व्याज कशाला? बँकेत कॅश क्रेडिट मागा, जेवढी रक्कम उचलाल तेवढ्यावरच व्याज. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधी करून ठेवा, ती ऑनलाइन फुकट होते. आणि कांडपाचे रोजचे पैसे त्याच खात्यात भरत जा. कॅश क्रेडिटची मर्यादा ठरवताना बँक खात्यावरची उलाढाल बघते.