आर्गॉन वेल्डिंग (टिग) शिकायचं आहे, सुरुवात कुठून करू?

वाळवा_फॅब

नमस्कार मंडळी. इस्लामपूरजवळ छोटं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल, शेड, ट्रॉलीची दुरुस्ती, सगळं रॉड वेल्डिंगवर चालतं. हात बरा आहे. पण हल्ली लोक स्टीलची रेलिंग मागतात, डेअरीवाले पत्र्याची भांडी, टाक्या घेऊन येतात आणि मला परत पाठवावं लागतं. सोळा गेजच्या पाइपला रॉड लावला की भोक पडतं.

टिग शिकायचं ठरवलंय. मशीन कोणतं घेऊ? दुकानदार एसी-डीसी घ्या म्हणतोय, ते दुपटीहून महाग आहे. क्लास लावावा का? दुकान बंद ठेवून वर्षभर कुठे जाणं जमणार नाही. सिंगल फेजच आहे.

भोसरी_शॉपफ्लोअर

दादा, आधी मशीनचं सांगतो, कारण पैसे तिथेच अडकतात.

एसी करंट लागतो तो अॅल्युमिनियमला. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. तो थर फोडायचं काम एसी करतो. तुमच्याकडे येणारं काम स्टेनलेस आणि लोखंडाचं आहे, त्याला डीसी पुरतं. टॉर्च निगेटिव्हला, अर्थ पॉझिटिव्हला. २०० अॅम्पिअरचा डीसी इन्व्हर्टर घ्या, सिंगल फेजवर तुमचं काम आरामात होतं. त्याच मशीनवर रॉडही चालतो, म्हणजे जुनं काम थांबत नाही.

मशीन घेताना तीन गोष्टी बघा. एचएफ (हाय फ्रिक्वेन्सी) स्टार्ट हवा, म्हणजे टंगस्टन (टॉर्चमधली टोकदार सळई, जिच्यातून आर्क निघतो) जॉबला, म्हणजे जोडायच्या तुकड्याला, न टेकवता आर्क पेटतो. घासून पेटवायच्या मशीनवर नवशिक्याचं टंगस्टन सारखं खराब होतं. दुसरं, पोस्ट-फ्लो हवा, आर्क बंद झाल्यावरही काही सेकंद आर्गॉन गॅस चालू राहायला पाहिजे, म्हणजे तापलेल्या धातूला हवा लागत नाही. तिसरं, टॉर्चचे कॉलेट, नोझल, कॅप हे तुमच्या जवळच्या बाजारात मिळतात का ते विचारा. नोझल फुटलं आणि ते पुण्याहून मागवावं लागलं की काम दोन दिवस बंद.

वाचलेले पैसे गॅस, फिलर (जोडात वितळवायची वायर) आणि सरावाच्या पत्र्यात घाला. ७ घनमीटरची बाटली म्हणजे ७००० लिटर. मिनिटाला ८ लिटरने चालवली तर साडेचौदा तास आर्क मिळतो. सरावाला लहान बाटली घेतली तर ती पटकन संपते आणि भरायला चकरा होतात. मोठीच घ्या, साखळीने भिंतीला बांधा.

पाइपवाला_काका

वरचं सगळं बरोबर. आता हाताचं सांगतो. आयुष्यभर पाइपवर काम केलंय, आखातातही आणि इकडे साखर कारखान्यांवरही, त्यामुळे थोडं लांबेल.

रॉडचा हात चांगला असला तरी इथे सवय बदलावी लागते. रॉडमध्ये स्लॅग असतो, आवाज असतो, ठिणग्या असतात, माणूस त्यावरून अंदाज घेतो. टिगमध्ये यातलं काहीच नाही. फक्त तळं दिसतं, वितळलेल्या धातूचं. ते वाचायला शिकणं हेच टिग शिकणं.

म्हणून पहिले काही दिवस फिलर हातात घेऊच नका. २ मिलिमीटरचा पत्रा घ्या, ६० ते ७० अॅम्पिअर ठेवा, टंगस्टन पत्र्यापासून दीड-दोन मिलिमीटर वर धरा आणि आर्क पेटवून थांबा. आधी पत्रा लालसर होतो, मग मधोमध एक चकाकी येते, ती पसरते आणि आरशासारखी गोल होते. पाच-सहा मिलिमीटर रुंद झाली की पुढे सरका. तळ्याची रुंदी शेवटपर्यंत तेवढीच राहिली पाहिजे. रुंद व्हायला लागलं तर वेग वाढवा, अरुंद झालं तर हळू. अशा रेघा ओढत राहा. पत्रा उलटा करून मागची रेघही बघा, ती समोरच्याइतकी सरळ आली की फिलर घ्या.

टॉर्च उभी धरून पंधरा-वीस अंश मागे कललेली, आणि ढकलत जायचं, ओढायचं नाही. फिलर समोरून, पत्र्याला जवळजवळ झोपवून. तळ्याच्या पुढच्या कडेला टेकवा, थेंब घेतला की मागे घ्या. पण फार मागे नको. तापलेलं टोक गॅसच्या बाहेर गेलं की काळं पडतं आणि ती घाण पुढच्या थेंबाबरोबर जोडात जाते. वायर बोटांनी पुढे सरकवायचा सराव संध्याकाळी घरी बसून, आर्क न लावता करा. मनगट आणि करंगळी कशावर तरी टेकलेली हवी. अधांतरी हाताने कुणाचंही सरळ येत नाही.

टंगस्टन तळ्यात बुडालं किंवा फिलर त्याला लागला तर लगेच थांबा. टोकावर गोळी होते, आर्क इकडेतिकडे भरकटतो, तसंच ओढत नेऊन काही सुधारत नाही. टोक मोडा, परत घासा. घासायचं लांबीच्या दिशेने, आडवं नाही. त्यासाठी ग्राइंडरचं एक चाक वेगळं ठेवा, ज्यावर लोखंड कधी लागलेलं नाही.

तिसरी_पाळी

टंगस्टनवर थोडं. बाजारात लाल पट्टीचं सर्रास मिळतं, त्यात थोरियम असतं. ते थोडं किरणोत्सारी आहे, घासताना उडणारी धूळ छातीत जायला नको. लँथेनमचं घ्या, सोनेरी किंवा निळी पट्टी. तुमच्या कामाला १.६ मिलिमीटर पुरे.

फिलर असा: लोखंडाला ईआर ७० एस-२ किंवा एस-६, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला ईआर ३०८ एल, ३१६ ला ३१६ एल, आणि स्टेनलेस लोखंडाला जोडायचं असेल तर ३०९ एल. वायर पुसून वापरा.

एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. सगळे सांगतात, आधी लोखंडावर शिका, स्वस्त असतं. पण लोखंडावर काळी पापडी असते, ती ग्राइंडरने पूर्ण काढली नाही तर तळं उकळतं आणि नवख्याला वाटतं चूक हाताची आहे. रेलिंगवाल्यांकडे ३०४ पाइपचे तुकडे पडलेले असतात, ते मागून आणा आणि थेट त्यावरच शिका.

पाइपवाला_काका

तुमचं म्हणणं खोटं नाही. पण स्टेनलेस लोखंडापेक्षा जवळजवळ दीडपट फुगतं आणि उष्णता एक तृतीयांशच वाहून नेतं. सगळी उष्णता जोडापाशी साचते आणि पत्रा वेडावाकडा होतो. रेघा स्वच्छ घासलेल्या लोखंडावर, जोड स्टेनलेसवर, असं करा.

रंगावर लक्ष ठेवा. थंड झाल्यावर सोनेरी पिवळा दिसला तर उत्तम, निळसर झाला तर उष्णता वाढतेय, राखाडी आणि खरबरीत म्हणजे भाजलं. स्टेनलेसचा तारेचा ब्रश वेगळा ठेवा. लोखंडाला लावलेला ब्रश त्यावर फिरवला तर पुढे त्या जागी गंज धरतो आणि गिऱ्हाईक रेलिंग परत आणतं.

भोसरी_शॉपफ्लोअर

क्लासबद्दल. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा, आठवी पासवर प्रवेश मिळतो. पोराला घालायचं असेल तर जरूर घाला, पाया पक्का होतो. तिरुचिरापल्लीला भेल या सरकारी कंपनीची वेल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, तिथेही प्रशिक्षण चालतं. पण रेलिंगसाठी दाखला कुणी मागत नाही. बॉयलरचं काम करायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आयबीआरची (भारतीय बॉयलर नियमांची) परीक्षा द्यावी लागते. परदेशी पाइपच्या कामाला बहुतेक ६जी चाचणी, म्हणजे ४५ अंशात घट्ट बांधलेला पाइप न हलवता चारी बाजूंनी भरायचा.

तुम्हाला माझा सल्ला: डेअरीची भांडी बनवणाऱ्या एखाद्या कारखान्यात ओळख काढा आणि सुट्टीच्या दिवशी मदतनीस म्हणून उभे राहा. जाणत्या वेल्डरच्या खांद्यामागून, स्वतःची काच लावून तळं बघा. ते व्हिडिओत नीट कळत नाही.

तिसरी_पाळी

एक गोष्ट कळकळीने सांगतो, ही वाचून सोडू नका. जॉबवरचं तेल काढायला एसीटोन वापरा आणि पूर्ण सुकू द्या. क्लोरीन असलेला क्लीनर, काही ब्रेक क्लीनर या प्रकारात येतात, टिगच्या जवळ आणायचा नाही. आर्कच्या अतिनील किरणांनी आणि उष्णतेने त्याच्या वाफेतून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. थोडासा फॉस्जीनही जीव घेतो, आणि त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो.

धूर नाही म्हणून बाह्या वर करून बसू नका, टिगने कातडी लवकर भाजते. जाड सुती शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं. आणि डेअरीवाला म्हणाला टाकीत उतरून आतून शिवून (वेल्ड करून) द्या, तर आत्ता नाही म्हणा. आर्गॉन हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. त्याला वास नाही, माणूस गुदमरतोय हे त्याला स्वतःला कळत नाही.

वाळवा_फॅब

सगळ्यांचे आभार. डीसी मशीन घेतलं, रेघा चालू आहेत. दोन शंका. दुपारी काम केलं की जोडावर बारीक भोकं येतात, सकाळी येत नाहीत. गॅस १५ लिटरपर्यंत वाढवून बघितला, फरक नाही. दुसरं, डेअरीच्या पाइपचा जोड बाहेरून छान सोनेरी, पण आत बोट फिरवलं तर काळं, खडबडीत लागतं.

पाइपवाला_काका

दुपारी पंखा लावत असाल किंवा दारातून वारा येत असेल. पंखा बंद करा, दाराला पडदा टांगा. गॅस वाढवून उलट नुकसान होतं, प्रवाह घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. ८ वर आणा. तरी भोकं आली तर नळीच्या जोडांना साबणाचं पाणी लावून गळती शोधा.

पाइपच्या आतल्या बाजूला गॅस नाही, म्हणून ती जळते. रेलिंगला चालेल. दुधाच्या लाइनला अजिबात नाही, त्या खडबडीत जागेत दूध साचतं आणि धुऊनही जंतू जात नाहीत. त्यासाठी आतून आर्गॉन सोडावा लागतो. पाइपची दोन्ही तोंडं टेपने बंद करा, एकीकडून नळी आत, दुसरीकडे हवा जायला वर छोटं भोक. जोडाच्या फटीलाही टेप लावा आणि जेवढं शिवायचं तेवढीच पुढे सोलत जा. आतली हवा काही वेळा बदलेल एवढा वेळ थांबा, मग प्रवाह कमी करून सुरू करा, नाहीतर जोडाचा शेवटचा भाग भरताना आतला दाब धातू बाहेर फेकतो. शिवून झाल्यावरही जोड थंड होईपर्यंत गॅस बंद करू नका. दोन-चार तुकडे असे करून, उभे कापून आतली बाजू बघा. ती चांदीसारखी दिसायला लागली की डेअरीवाल्याला हो म्हणा.